आयरिश पूर्वजांचा माग काढायचाय? १८६४ नंतरची नोंदबुकं उघडा

बेळगाव, पुणे, महू अशा छावण्यांच्या गावांत ब्रिटिश पलटणींबरोबर आयरिश सैनिकही येत. काहींचे वंशज इथलेच झाले. आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर जन्मलेले असतील, तर नातवंडाला तिथलं नागरिकत्व मागता येतं, पण त्यासाठी कागद लागतो.

कागदांचीच तर तिथे रड आहे. डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला सरकारी दप्तरखाना ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात जळाला. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक कागद त्यात गेले. १८६१ ते १८९१ चे तर सरकारनेच आधी नष्ट केले होते. आज पूर्ण मिळते ती १९०१ आणि १९११ ची जनगणना. जन्म, लग्न, मृत्यूची नोंदबुकं मात्र त्या इमारतीत नव्हती, म्हणून वाचली. बिगर-कॅथलिकांची लग्नं १ एप्रिल १८४५ पासून नोंदलेली आहेत, बाकी सगळं १ जानेवारी १८६४ पासून.

लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडच्या वडिलांची नावं आणि धंदा असतो, आयांची नावं नसतात. वयाच्या रकान्यात अनेकदा नुसतं ‘सज्ञान’, म्हणजे २१ च्या वर. मृत्यूच्या नोंदीत आईबापांचा पत्ताच नसतो. खरा ऐवज जन्माच्या नोंदीत, कारण तिथे आईचं माहेरचं आडनाव असतं. मर्फी आणि केली तिकडे आपल्या पाटलांइतके. पण बापाचं आडनाव आणि आईचं माहेर अशी जोडी लावली की एकेक भावंड सापडत जातं.

तारखेवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. तीन महिन्यांत जन्म नोंदवला नाही तर दंड होता. उशीर झालेले लोक तारीखच पुढची सांगत. त्यामुळे चर्चच्या वहीत बाप्तिस्मा आधीचा आणि सरकारी जन्म नंतरचा, अशी गंमत दिसते. आपल्याकडे अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जून असतो, त्यातलाच प्रकार! आडनावातला ‘ओ’ही कधी असतो, कधी गळतो. ओसलिव्हन आणि सलिव्हन, दोन्ही शोधावेत.

पत्त्यात ‘टाउनलँड’ सापडला तर तो आधी टिपून घ्या. आपल्या वाडी-शिवारासारखा हा सगळ्यात लहान घटक. आयर्लंडभर ६० हजारांच्या वर आहेत. त्यावरून चर्चचा पॅरिश कळतो आणि १८६४ च्या मागे जाता येतं. कॅथलिक पॅरिशच्या जुन्या वह्या आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन फुकट ठेवल्या आहेत.

सरकारच्या ‘आयरिश जिनिऑलॉजी’ संकेतस्थळावर १०० वर्षांपूर्वीचे जन्म, ७५ वर्षांपूर्वीची लग्नं आणि ५० वर्षांपूर्वीचे मृत्यू मोफत पाहता येतात. फाळणीनंतरच्या उत्तरेकडच्या सहा काउंट्यांसाठी बेलफास्टचं कार्यालय गाठावं लागतं, तिथे पैसे पडतात. सीमा सरकली की दप्तर कुठल्या कचेरीत जातं, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको.

सैनिकाचं मूल इथे छावणीत जन्मलं असेल, तर डब्लिनच्या या वह्यांत सहसा हाती काही लागत नाही. मुंबई इलाख्यातल्या चर्चनी पाठवलेल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आधी तिथे सैनिकाचं नाव पक्कं करावं, मग आयर्लंडकडे वळावं.