लेकरांसह लांबचा विमानप्रवास : वर्ग कोणता घ्यावा?

वांकिडीच्या आपल्या घरांतून लेकराबाळांसह दूरचा प्रवास म्हणजे पूर्वी अक्षरारंभासाठी बासरची सरस्वती, आषाढीला पंढरपूर, नाहीतर लग्नकार्याला राजुरा-चांदा. आता कोणाची लेक दुबईस नांदते, कोणाचा मुलगा लंडनला नोकरीस आहे, तर कोणाची नात माहेरचा पाहुणचार घेऊन तान्ह्यासह अमेरिकेस परत निघते. न्यासाची बैठक आटोपून चहा घेताना एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो : "लेकरे लहान, प्रवास लांबचा, तिकीट कोणत्या वर्गाचे काढावे?" विचारणाऱ्याच्या मनात लेकरांची काळजी असते आणि पैशाचीही असते. एका हंगामाचा कापूस एका तिकिटात जाऊ शकतो, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. न्यासाच्या ह्या महोत्सवी स्मरणिकेत ह्या प्रश्नाचा नीट उलगडा करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

वर्ग आले कोठून?

एअर इंडियाचे पहिले परदेशी विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. त्या काळी विमानप्रवास हा थोड्या लोकांचा मामला होता. पुढे १९५२ साली अटलांटिक महासागरावरील विमानांत कमी भाड्याचा 'टुरिस्ट' वर्ग सुरू झाला आणि १९५८ साली त्याहूनही स्वस्त असा 'इकॉनॉमी' वर्ग आला. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस 'बिझनेस' वर्ग निघाला, तो कामानिमित्त एकट्याने फिरणाऱ्या माणसासाठी. नव्वदीच्या आरंभी ह्या दोहोंच्या मध्ये 'प्रीमियम इकॉनॉमी' आला. आपल्या आगगाडीतील तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला. विमानात मात्र वर्ग वाढतच गेले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, वरचे वर्ग ज्याच्यासाठी आखले गेले तो प्रवासी एकटा आणि प्रौढ होता. कडेवर तान्हे आणि पदराला धरून चार वर्षांचे लेकरू अशी आई त्या आखणीत नव्हती. म्हणून महाग ते लेकरांना अधिक सोयीचे, असे गृहीत धरून चालत नाही.

पैसा कशाचा आणि काय मिळत नाही?

वरच्या वर्गात मुख्यतः जागा विकत मिळते. इकॉनॉमीत एका खुर्चीपासून पुढच्या खुर्चीपर्यंतचे अंतर साधारण ३१-३२ इंच असते, प्रीमियम इकॉनॉमीत ३८ इंचांच्या आसपास. बिझनेस वर्गात लांबच्या विमानांत बहुतेक ठिकाणी खुर्चीचा सपाट बिछाना होतो. जेवण बरे, सामानाची मर्यादा अधिक, विमानतळावर रांग लहान, हेही खरे.

परंतु लेकरू ज्या कारणांनी रडते त्यांतील काही कारणे कोणत्याही वर्गात तीच राहतात. विमानाच्या आतील हवेचा दाब सर्वत्र सारखा, म्हणजे सुमारे ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा. विमान चढता-उतरताना कान दुखतो तो पुढे बसल्याने थांबत नाही. त्यावर उपाय गिळणे हाच : तान्ह्याला त्या वेळी पाजावे, मोठ्याला पाण्याचे घोट द्यावेत. हवा कोरडी असते, तीही सर्वांना सारखीच. आकाशात हिसके बसतात तेव्हा पूर्ण विमान हलते. लेकरू झोपावे म्हणून कोणी खोकल्याचे वा झोपेचे औषध पाजण्याचा सल्ला देतात. डॉक्टरांना विचारल्यावाचून तसे कधीही करू नये. काही मुले अशा औषधाने उलट अधिक बिथरतात.

आमचाच अनुभव

काही वर्षांपूर्वी आम्ही सून व दोन नातवंडांसह अमेरिकेस गेलो. नातू चार वर्षांचा, नात चौदा महिन्यांची. हौसेने आणि थोड्या अभिमानानेही आम्ही जाताना मधल्या वर्गाची, प्रीमियम इकॉनॉमीची, तिकिटे काढली. विमानात बसल्यावर ध्यानात आले की, दोन खुर्च्यांमधला हात वर उचलता येत नाही. जेवणाची फळी त्या हाताच्या पोटातच बसविलेली होती. खुर्ची मोठी खरी, पण नातवाला आजीच्या मांडीवर डोके ठेवून आडवे होता येईना. पाय लोंबकळत राहिले, डोके घसरत राहिले, आणि रात्रभर रडे चालले. नात सुनेच्या मांडीवर. सुनेला एक घास सुखाने खाता आला नाही. पैसे अधिक मोजून रात्र जागून काढली.

परतताना पैसे उरले नव्हते म्हणून साध्या वर्गाने आलो. एका ओळीतल्या लगतच्या खुर्च्या मिळाल्या, मधले हात वर केले, घरून नेलेली गोधडी अंथरली आणि नातू पट्टा बांधून सहा तास गाढ झोपला. चूक विमान कंपनीची नव्हती. आम्ही विचारले नव्हते, एवढेच. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला सांगतो : वर्गाचे नाव विचारण्याआधी खुर्चीचा हात उचलतो का, ते विचारा.

बिझनेस वर्गातही असाच एक अडथळा आहे. पुष्कळ विमानांत तेथील प्रत्येक खुर्ची वेगळ्या कोशात असते. खिडकीकडच्या कोशातले मूल आईला हाताने पोचत नाही. मधल्या जोडखुर्च्या मिळाल्या तर ठीक. तिरप्या मांडणीत मुलाची सुरक्षाखुर्चीही पुष्कळदा बसत नाही. काही खुर्च्यांच्या पट्ट्यांत हवेची पिशवी असते, आणि मांडीवर बाळ असेल तर अशा खुर्चीवर बसू देत नाहीत.

मांडीवरचे बाळ

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. दोन वर्षांखालील मुलाला मांडीवर घेऊन जाण्यास नियमांची परवानगी आहे. परदेशी प्रवासात त्याचे भाडे साधारण मोठ्या माणसाच्या भाड्याच्या दहाव्या हिश्श्याइतके असते. म्हणून बहुतेक घरे तोच मार्ग धरतात. परंतु विमान जोराने हिसकले तर आईच्या हातांत कितीही माया असली तरी बाळ धरून ठेवण्याइतके बळ राहत नाही.

१९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे एक नादुरुस्त झालेले प्रवासी विमान उतरताना कोसळले. त्यात मांडीवरची चार मुले होती. उतरण्यापूर्वी त्यांना खाली जमिनीवर ठेवून धरावे, असे तेव्हाच्या रीतीप्रमाणे आयांना सांगण्यात आले. त्यांपैकी एक बावीस महिन्यांचा मुलगा दगावला. ती सूचना देणाऱ्या मुख्य परिचारिका जॅन ब्राउन ह्यांनी पुढे अनेक वर्षे एकच मागणी लावून धरली की, प्रत्येक बाळाला स्वतःची खुर्ची व स्वतःचा पट्टा असावा. अमेरिकेच्या अपघात-चौकशी मंडळानेही तशीच शिफारस केली. नियम अद्याप बदललेला नाही. पण पालकांनी स्वतःहून तसे करण्यास कोणाची आडकाठी नाही. बाळासाठी वेगळी जागा घेऊन तीवर विमानात चालणारी, तसा शिक्का असलेली सुरक्षाखुर्ची बांधता येते. मात्र खुर्चीचे माप व शिक्का ह्यांविषयी कंपनीला अगोदर विचारून घ्यावे.

थोडे गणित

समजा, इकॉनॉमीचे मोठ्या माणसाचे भाडे १०० आहे. आईबाप दोघे, एक मूल चार वर्षांचे व एक वर्षाचे तान्हे. दोन वर्षांवरील मुलाचे भाडे पुष्कळ ठिकाणी मोठ्याच्या तीन-चतुर्थांश असते. ते ७५ धरू. तर हिशोब असा होतो :

तान्हे मांडीवर, सर्व इकॉनॉमीत : १०० + १०० + ७५ + १० = २८५.
तान्ह्यालाही स्वतःची जागा, सर्व इकॉनॉमीत : १०० + १०० + ७५ + ७५ = ३५०.
तान्हे मांडीवर, सर्व बिझनेसमध्ये, भाडे चौपट धरल्यास : २८५ × ४ = ११४०.

भाडी हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. तरी प्रमाण लक्षात यावे. बाळाला स्वतःची जागा देण्यास ६५ अधिक लागतात. बिझनेस वर्गास ८५५ अधिक लागतात, आणि इतके देऊनही बाळ मांडीवरच राहते. मांडीवरच्या बाळाचा दहावा हिस्सादेखील त्या त्या वर्गाच्या भाड्यावर मोजतात, हेही ध्यानात ठेवावे. शिवाय परतीच्या आधी बाळाला दुसरे वर्ष पूर्ण होत असेल तर परतीच्या तिकिटात त्याची वेगळी जागा घ्यावीच लागते.

वयाप्रमाणे निवड

बाळ सहा-आठ महिन्यांचे असेल आणि वेगळी जागा घेणे झेपत नसेल, तर भिंतीलगतची पहिली ओळ मागावी. तेथे समोरच्या भिंतीला पाळणा अडकवितात. त्यास बॅसिनेट म्हणतात. तिकीट काढतानाच तो मागावा लागतो, थोडेच असतात, आणि मागितला म्हणजे मिळेलच असे नाही. वजनाची मर्यादा प्रत्येक कंपनीची निराळी; साधारण दहा-बारा किलोंच्या आसपास. पट्टा बांधण्याचा दिवा लागला की झोपलेले बाळ उचलून घ्यावे लागते. ह्या ओळीतही खुर्च्यांचे हात उचलता येत नाहीत. म्हणून सोबत तीन-चार वर्षांचे मूल असेल तर पाळणा हवा की आडवे होण्याची जागा हवी, ह्यांतून एक निवडावे लागते.

एक ते दोन वर्षांचे मूल सर्वांत कठीण. ते पाळण्यात मावत नाही आणि मांडीवर राहत नाही. त्यासाठी इकॉनॉमीत स्वतंत्र जागा घ्यावी, हे आमचे ठाम मत आहे.

दोन ते सहा वर्षांच्या मुलास साध्या वर्गातील सलग जागा व उचलणारे हात पुरतात. त्याचे अंगच लहान असते. एअर न्यूझीलंडने तर अशा तीन साध्या खुर्च्यांचाच पलंग होईल अशी सोय काढली आहे. सर्वांचे आरक्षण एकत्र करावे. भारतीय कंपन्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलास एकाच आरक्षणातील निदान एका पालकाशेजारी बसवावे, असा आदेश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये दिला आहे. परदेशी कंपनी असेल तर जागा आधीच निश्चित करून घ्याव्या.

सपाट बिछान्याची खरी गरज कोणाला, असे विचाराल तर ती पुष्कळदा लेकराला नसून सोबतच्या आजीला असते. गुडघे धरलेले, पाय सुजणारे, दहा-चौदा तास बसवत नाही. पैसा थोडा असेल आणि एकच मोठे तिकीट परवडत असेल, तर ते आजीला द्यावे आणि लेकरांना आईबापांजवळ साध्या वर्गात ठेवावे. बाळंतपणानंतर लवकरच निघालेल्या आईचाही असाच विचार व्हावा. मात्र तान्हे तिच्याजवळच राहील अशी तजवीज हवी.

आपल्या गावाचा विचार

शहरातल्या माणसाचा प्रवास विमानतळावर सुरू होतो. आपला त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. वांकिडीहून आसिफाबाद, तेथून आसिफाबाद रोड वा कागजनगर स्टेशन, मग सिकंदराबाद, आणि तेथून शहर ओलांडून शमशाबाद. परदेशी विमाने पुष्कळदा मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे सुटतात. म्हणजे लेकरू विमानात पाऊल ठेवते तेव्हा त्याचा दिवस उलटून रात्रही मोडलेली असते. अशा थकलेल्या लेकराला कोणत्याही वर्गात झोप येत नाही.

म्हणून वरच्या वर्गासाठी ठेवलेल्या पैशातील थोडा भाग हैदराबादेत एक दिवस आधी पोचून नातेवाइकाकडे वा खोली घेऊन विसावण्यात घालावा. विमान बदलावे लागत असेल तर मध्ये तीन-चार तासांची उसंत असलेले तिकीट घ्यावे. तासाभराची घाईची बदली थोडी स्वस्त पडते; पण झोपलेले मूल खांद्यावर घेऊन पळणे ज्याने केले आहे तो पुन्हा ते करीत नाही.

तात्पर्य

पैसा घालण्याचा क्रम आमच्या मते असा असावा : प्रथम प्रत्येक लेकराला स्वतःची जागा व पट्टा, मग निघण्यापूर्वीची एक रात्रीची विश्रांती, मग सर्वांच्या सलग खुर्च्या, आणि हे सर्व होऊन हात सैल असेल तरच वरचा वर्ग. ज्यांस तो सहज परवडतो त्यांनी अवश्य घ्यावा. त्यात कमीपणाही नाही आणि मोठेपणाही नाही. पण कर्ज काढून, लोक काय म्हणतील ह्या विचाराने कोणी घेऊ नये. गावी उतरल्यावर कोणत्या वर्गाने आलात हे शेजारी एकदा विचारतील आणि विसरतील. लेकरू मात्र धडधाकट, हसतमुख आजोबांच्या कडेवर यावे, ह्यासाठीच तर हा सारा खटाटोप असतो. आपल्या न्यासाच्या सर्व परिवारांतील लेकरांचे जाणे-येणे सुखरूप होवो, ही ह्या मंगल प्रसंगी आमची प्रार्थना.