हिरवी भिंत गोंगाट गिळते का?

रहदारीच्या रस्त्यालगत राहणाऱ्या कुटुंबांना गोंगाट नवा नाही. मुलांचा अभ्यास, आजाऱ्यांची झोप, सर्वांवरच त्याचा परिणाम होतो. 2000 सालच्या नियमांनुसार भारतात निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. मोठ्या शहरांत ती सर्रास ओलांडली जाते. अशा वेळी झाडांनी मढवलेली भिंत उपयोगी पडेल का?

गिलावा केलेली गुळगुळीत भिंत तिच्यावर आदळणारा बहुतेक आवाज परत फेकते. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो तो यामुळेच. हिरव्या भिंतीचे तसे नसते. पाने आवाज शोषतात असा अनेकांचा समज असतो. पण मोठे काम करते ती पानांमागची सच्छिद्र माती. ध्वनिलहरी तिच्या बारीक छिद्रांत शिरतात, घर्षणाने त्यांची शक्ती किंचित उष्णतेत बदलते आणि आवाज विरतो. पाने प्रामुख्याने उंच पट्टीतले कर्कश आवाज विखुरतात.

सिंगापूरच्या हॉर्टपार्क उद्यानातील आठ प्रकारच्या हिरव्या भिंतींचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील चांगल्या भिंतींमुळे खालच्या व मधल्या पट्टीतला आवाज 5 ते 10 डेसिबलने घटला. 10 डेसिबलची घट म्हणजे कानाला आवाज जवळजवळ निम्मा वाटणे. स्पेनमधील संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अशा भिंतीने सुमारे 40 टक्के ध्वनी शोषला.

मात्र आवाज शोषणे वेगळे आणि अडवणे वेगळे. इमारतींमधला चौक, जिना, दिवाणखाना येथील घुमणारा आवाज हिरवी भिंत कमी करते. उघड्या खिडकीतून येणारा हॉर्न ती थोपवू शकत नाही. गॅलरीतल्या चार कुंड्या किंवा एखादा मनीप्लँट यांचाही फारसा उपयोग नाही. मातीचा थर पुरेसा जाड व भुसभुशीत हवा, पाने दाट हवीत. पाणी जास्त झाले की छिद्रे भरतात आणि शोषण घटते. ओल मुरू नये म्हणून चौकट भिंतीपासून थोडी दूर ठेवावी. ओल्या मातीचे वजन मोठे असते, म्हणून वरच्या मजल्यावर अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

खर्च करण्यापूर्वी आधी दारे-खिडक्यांच्या फटी रबरी पट्टीने बुजवाव्यात. आवाज अडवण्याचे काम त्यांचे. आत शिरलेला आवाज मऊ करण्याचे काम हिरव्या भिंतीचे.