शाळेतील छात्रसेना आणि तिचे स्वयंसेवक

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी पेशाने शिक्षक. नोकरीची बरीच वर्षे शाळेच्या छात्रसेनेचे कामही माझ्याकडे होते. तेव्हा ज्या विषयाची थोडीफार माहिती आहे, त्यावरच चार शब्द लिहितो.

आपल्या घरांतील पुष्कळ मुलेमुली खाकी गणवेशात शाळेला जाताना दिसतात. ही छात्रसेना चालवतो कोण, असे विचारले तर बहुतेक पालक ‘सरकार’ असे उत्तर देतात. ते अर्धेच खरे आहे.

पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीने केलेल्या शिफारशींवरून १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला. तिचे पहिले संचालक कर्नल गोपाळ गुरुनाथ बेवूर हे पुढे १९७३ साली भूदलाचे प्रमुख झाले. मुलींचा विभाग १९४९ साली, हवाई शाखा १९५० साली आणि नाविक शाखा १९५२ साली सुरू झाली. छात्रसेनेत नाव घातले म्हणजे मुलगा पलटणीत गेला, अशी धास्ती काही आयांना वाटते. ती निराधार आहे. छात्रावर लष्करी सेवेचे कोणतेही बंधन नाही, हे कायद्यानेच स्पष्ट केले आहे.

कवायत व बंदुकीचे शिक्षण देण्यासाठी बटालियनकडून कायम सेनेतील हवालदार येतात. परंतु तुकडीचा अधिकारी शाळेतलाच एक शिक्षक असतो. त्यासाठी तो स्वखुशीने पुढे येतो. पुरुष शिक्षकांचे प्रशिक्षण नागपूरजवळ कामठीस होते आणि शिक्षिकांचे आपल्या ग्वाल्हेरात, ही आपणा ग्वाल्हेरकरांना अभिमानाची गोष्ट आहे. हे शिक्षण पुरे केले की ‘थर्ड ऑफिसर’ ही पदवी मिळते. मानधन नाममात्रच असते आणि वर्गाचे तास काही कमी होत नाहीत.

परेडच्या दिवशी लोकांना संचलन तेवढे दिसते. त्यामागे हजेरीपट, गणवेशाची नोंद, परेडनंतरच्या अल्पोपाहाराचा हिशेब, शिबिरासाठी पालकांची संमतीपत्रे, कोणाचा बूट चावतो, कोण उपाशी आला आहे, ही सारी उठाठेव त्या एका शिक्षकाची असते. छात्रांना दोन वर्षांच्या शिक्षणानंतर ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. त्यासाठी पुरेशी हजेरी आणि वार्षिक शिबिर आवश्यक असते. कवायत, नेमबाजी, नकाशावाचन, प्रथमोपचार आणि समाजसेवा हे त्यातील मुख्य विषय.

अधिकारी एकटा सर्व पाहू शकत नाही. म्हणून छात्रांतूनच लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट असे नायक निवडतात. एका शिबिरात मी गणितात कच्च्या, अबोल अशा मुलाकडे दहाजणांचा तंबू सोपवला. दुसऱ्या रात्री जेवणाच्या वेळी त्याने ताटे मोजली, ती नऊच भरली. दहावा मुलगा तंबूत तापाने फणफणला होता. घरी पाठवतील म्हणून त्याने कोणास सांगितले नव्हते. नायकाने त्यास दवाखान्यात पोहोचवले, रात्री उशाशी बसला आणि सकाळी मला सर्व वृत्तांत दिला. हुकूम देण्याआधी आपली माणसे मोजावीत, हे मी त्याला फळ्यावर शिकवले नव्हते.

चीनच्या आक्रमणानंतर १९६३ साली महाविद्यालयांत छात्रसेना सक्तीची झाली. १९६८ साली ती पुन्हा ऐच्छिक करण्यात आली. सक्तीने संख्या वाढवता येते, परंतु तंबूत उशाशी बसणारा नायक सक्तीने मिळत नाही. तो आपखुशीनेच यावा लागतो आणि त्याला घडवणारा शिक्षकही तसाच.

येथेच खरी अडचण आहे. मी निवृत्त झालो तेव्हा हे काम अंगावर घेण्यास शाळेत कोणी पुढे येईना. एका सहकाऱ्याने नाइलाजाने तात्पुरता भार घेतला आणि पाहता पाहता मुलांची संख्या रोडावली. मुलांचा उत्साह कमी नव्हता. माझ्यामागे कोणी तयार करावे, हे मलाच वेळेवर सुचले नाही, हा दोष माझा.

म्हणून सभासद बंधुभगिनींना विनंती अशी की, आपल्यातील तरुण शिक्षक-शिक्षिकांनी हे काम अवश्य पत्करावे. पूर्वी छात्र असलेल्यांनी शाळेत जाऊन नव्या मुलांशी बोलावे. पालकांनी परेडच्या दिवशी शिकवणीचे निमित्त काढू नये. आणि वर्षातून एकदा तरी त्या शिक्षकाची विचारपूस करावी. हाराची त्याला गरज नाही. आपल्यामागे माणसे आहेत, एवढे त्याला कळले तरी पुरे.