पेशीकडून पुटिकेकडे: मज्जारज्जूवरील उपचारांचा मागोवा

मज्जारज्जूला मार बसतो तो क्षणात, पण त्यातून होणारी हानी पुढे कित्येक आठवडे चालते. सूज, खंडित रक्तपुरवठा आणि दाह यांमुळे आधी वाचलेल्या चेतापेशीही मरतात आणि नंतर तयार होणारा व्रण चेतातंतूंची वाट अडवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १.५ कोटींहून अधिक माणसे अशा इजेसह जगत आहेत. त्यांच्यासाठीच्या संशोधनाचा ओघ गेल्या दशकात मूलपेशींकडून एक्सोझोमकडे, म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या ३० ते १५० नॅनोमीटरच्या पुटिकांकडे वळला. या काळाची खरी कमाई मला प्रयोगशाळेत पुन्हा चालू लागलेल्या उंदरांपेक्षा वेगळी वाटते: आपण शरीरात नेमके काय सोडतो आहोत, हे विचारायला हे शास्त्र शिकले.

१९८३मध्ये या पुटिका दिसल्या त्या अपरिपक्व तांबड्या रक्तपेशींमध्ये. १९८७मध्ये रोझ जॉनस्टोन यांच्या गटाने त्यांना नाव दिले. पेशीचा केरकचरा म्हणून त्या बराच काळ दुर्लक्षित राहिल्या. २००७मध्ये स्वीडनमधील यान लोटवाल यांच्या गटाने त्यांतून आरएनए एका पेशीकडून दुसरीकडे जातो हे दाखवले आणि चित्र पालटले. मूलपेशींच्या अभ्यासकांना तेव्हा एक कोडे छळत होते. प्रत्यारोपित पेशी फारशा टिकत नव्हत्या, तरी प्राण्यांत सुधारणा दिसत होती. म्हणजे गुण पेशीपेक्षा तिच्या स्रावात असावा. २०१८मध्ये येलच्या संशोधकांना शिरेतून दिलेले एक्सोझोम जखमी मज्जारज्जूतील दाहशामक भक्षकपेशींत सापडले. २०१९मध्ये इस्राएली गटाने चेतातंतूंची वाढ रोखणाऱ्या ‘पीटेन’ जनुकाला दाबणारा आरएनए एक्सोझोममध्ये भरला आणि नाकावाटे दिला. मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या उंदरांतही हालचाल व संवेदना काही अंशी परतल्या.

एक्सोझोम जिवंत पेशी नाहीत, त्यांची गाठ होणार नाही, मग भीती कशाची, असे विचारले जाते. मुद्दा निम्मा खरा आहे. पण २०१९च्या डिसेंबरात अमेरिकी औषध प्रशासनाला, नेब्रास्कात मान्यता नसलेल्या एक्सोझोम उत्पादनांमुळे रुग्णांना गंभीर अपाय झाल्यावर जाहीर इशारा द्यावा लागला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अंथरुणाला खिळलेल्याने किती वाट पाहायची? त्याचे उत्तर मज्जारज्जूच्या इजेवर दिल्या गेलेल्या मिथाइलप्रेडनिसोलोन या औषधाच्या इतिहासात मिळते. १९९०च्या एका चाचणीतील, आठ तासांच्या आत औषध मिळालेल्या रुग्णांपुरत्या निष्कर्षावर ते सर्वत्र दिले जाऊ लागले. २०१३मध्ये अमेरिकी मेंदू-शल्यविशारदांच्या मार्गदर्शिकेने ते देऊ नये असे सांगितले. घाईची किंमत रुग्णांनीच मोजली.

म्हणूनच २०१४, २०१८ आणि २०२३ची पुटिका-संशोधनाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे मला कोणत्याही एका प्रयोगाहून मोलाची वाटतात. कोणी मात्रा प्रथिनांच्या वजनात सांगतो, कोणी कणांच्या संख्येत. पेशी कुठल्या, त्या वाढवल्या कशा, यावर आतला ऐवजही बदलतो. अशाने दोन प्रयोगांची तुलनाच होत नाही. शिवाय बहुतेक प्राण्यांना उपचार मिळतो इजेनंतर काही तासांत किंवा दिवसांत, तर वाट पाहणाऱ्या बहुसंख्य माणसांची इजा वर्षांपूर्वीची असते. यापुढच्या संशोधनाने मात्रा निश्चित करावी, जुन्या इजेवर प्रयोग करावेत आणि नियंत्रित चाचणीत उतरावे. तोवर पैसे घेऊन एक्सोझोमचे इंजेक्शन देणाऱ्याला उपचारक म्हणता येणार नाही.