पेट्रोल नेमकं किती?

(अंतिम वर्ष, मेकॅनिकल)

"काय रे, झाला का तुमचा मॅप?"

गेल्या वर्षी आमच्या फॉर्म्युला टीमला हा प्रश्न मेसमध्ये, कॅन्टीनमध्ये, इतकंच काय पण सकाळी बाथरूमच्या रांगेतसुद्धा विचारला गेला. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना मॅप म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला आम्हालाही ते नीट माहीत नव्हतं. ते न कळण्याची किंमत एका पिस्टनच्या रूपाने मोजल्यावर मात्र चांगलंच कळलं. मित्रांनो, पुढच्या बॅचने तीच किंमत पुन्हा मोजू नये म्हणून हा लेख. कॉम्प्युटरवाल्यांनी पान उलटू नये, कारण अर्धा खेळ तुमच्याच प्रांतातला आहे.

स्क्रूपासून कॉम्प्युटरपर्यंत

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, हे आपण दुसऱ्या वर्षीच पाठ केलेलं असतं. हवा यापेक्षा जास्त झाली की मिश्रण लीन, पेट्रोल जास्त झालं की रिच. जास्तीत जास्त ताकद हवी असेल तर मिश्रण थोडं रिच, म्हणजे साडेबारा-तेराच्या आसपास ठेवावं लागतं.

कार्बुरेटर हा हिशोब हवेच्याच जोरावर करतो. व्हेंचुरीतून हवा जोरात गेली की दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल ओढलं जातं. बदल करायचा तर जेट बदला, सुई वरखाली करा, स्क्रू फिरवा. कोपऱ्यावरचा मेकॅनिक कान लावून अर्धा आटा फिरवतो आणि गाडी छान चालते. पण त्या अर्ध्या आट्यात अडचण अशी की आयडलिंगला केलेला बदल फुल थ्रॉटलला लागू पडेलच असं नाही. सकाळी थंडीत आणि दुपारी उन्हातही उत्तर वेगळं.

इंजेक्शनमध्ये पेट्रोल ओढलं जात नाही, दाबाने फवारलं जातं. पंप साधारण 3 बार दाब कायम ठेवतो, आणि इंजेक्टर नावाचा एक छोटा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह ठरावीक वेळ उघडतो. दाब ठरलेला, भोक ठरलेलं, म्हणजे पेट्रोल किती हे फक्त किती वेळ उघडा ठेवला यावर ठरतं. तो वेळ ठरवणारा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत बेंडिक्सने 1957 मध्ये इलेक्ट्रोजेक्टर आणला होता, पण तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक्सला तो झेपला नाही. बॉशची डी-जेट्रॉनिक 1967 मध्ये फोक्सवॅगन 1600 वर आली आणि टिकली. यातला 'डी' म्हणजे जर्मन 'ड्रुक', अर्थात दाब. इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजायचा आणि त्यावरून हवा किती गेली ते काढायचं. आमच्या गाडीतही तत्त्व हेच आहे. आपल्याकडे 2006 मध्ये ग्लॅमर एफआय आली, आणि एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाल्यावर तर बहुतेक दुचाकी इंजेक्शनवर गेल्या. म्हणजे हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या कित्येक गाड्यांमध्ये हा कॉम्प्युटर आज बसलेला आहे.

पाऊण थेंबाचा हिशोब

आता वही काढा. आमचं इंजिन एका सिलिंडरचं, 373 सीसी. मॅनिफोल्डमध्ये 100 किलोपास्कल दाब आणि सुमारे 27 अंश तापमान असेल, तर तेवढ्या जागेत 0.43 ग्रॅम हवा मावते. पण इंजिन पूर्ण श्वास घेत नाही. समजा 80 टक्केच हवा आत गेली, तर झाली सुमारे 346 मिलिग्रॅम. या 80 टक्क्यांनाच व्हॉल्युमेट्रिक एफिशिअन्सी, थोडक्यात व्हीई म्हणतात.

12.8 चं मिश्रण हवं असेल तर पेट्रोल लागेल 27 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे 0.036 मिलिलिटर. ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा एक थेंब साधारण 0.05 मिलिलिटरचा धरतात. त्याचा पाऊण हिस्सा! आमचा इंजेक्टर मिनिटाला 250 सीसी सोडतो. म्हणजे एवढ्या पेट्रोलसाठी तो 8.8 मिलिसेकंद उघडा हवा. 8000 आरपीएमला दोन फेऱ्यांचं एक चक्र 15 मिलिसेकंदांत संपतं. म्हणजे त्या पंधरातला निम्म्याहून जास्त वेळ तो उघडाच.

यात एक छुपा भिडू आहे. इंजेक्टरला सिग्नल मिळाला की तो लगेच उघडत नाही. बॅटरी 14 व्होल्टला असताना आमच्या इंजेक्टरला साधारण 1 मिलिसेकंद लागतो, 11 व्होल्टला 1.6. हा वेळ वर मिळवावा लागतो. फुल थ्रॉटलला 8.8 मध्ये 0.6 चा फरक पडला तर सात टक्के पेट्रोल कमी. पण आयडलिंगला मुळात 2 मिलिसेकंदच लागतात, तिथे तोच 0.6 म्हणजे तीस टक्के! रेडिएटरचा पंखा चालू झाला की गाडी का मरते, हे आम्हाला हा हिशोब कागदावर मांडल्यावर कळलं.

मॅप म्हणजे काय

व्हीई सगळीकडे 80 नसते. कमी आरपीएमला वेगळी, जास्तीला वेगळी, थ्रॉटल अर्धवट असताना आणखी वेगळी. म्हणून एक तक्ता करतात. आडवं आरपीएम, उभा मॅनिफोल्डचा दाब, आणि प्रत्येक चौकटीत व्हीईचा आकडा. हाच मॅप. आर्डुइनो मेगावर चालणाऱ्या स्पीडुइनोमध्ये हा तक्ता 16 बाय 16 असतो, म्हणजे 256 चौकटी. ईसीयू दर वेळी जवळच्या चार चौकटी बघतो आणि मधला आकडा काढतो. कॉम्प्युटरवाल्यांनो, तुमचं इंटरपोलेशन ते हेच!

त्यावर दुरुस्त्यांचे छोटे तक्ते असतात. इंजिन थंड असेल तर पेट्रोल वाढवा, कारण गार भिंतीवर पेट्रोलची वाफ होत नाही. थ्रॉटल एकदम पिळला तर क्षणभर जास्त द्या, कारण थोडं पेट्रोल पोर्टच्या भिंतीला चिकटून राहतं. हवा तापलेली असेल तर कमी द्या.

कंपनीच्या ईसीयूमध्ये हे सगळे आकडे आधीच भरून कुलूपबंद केलेले असतात. तिथल्या लोकांनी ते टेस्ट बेंचवर, डोंगरावर, थंडीत आणि उन्हात तपासलेले असतात. मग आम्ही ते सोडून स्वतः आकडे भरायचा उद्योग का केला? कारण स्पर्धेचा नियम. फॉर्म्युला स्टुडंटच्या पेट्रोल गाडीत सगळी हवा 20 मिलिमीटरच्या एकाच भोकातून, म्हणजे रिस्ट्रिक्टरमधून जावी लागते. एका सिलिंडरचं इंजिन हवा धक्क्याधक्क्याने ओढतं, मध्ये कोंडी होते, आणि जास्त आरपीएमला व्हीई घसरते. इनटेकचा पाइप आम्ही बदललेला, एक्झॉस्ट बदललेला. मूळ गाडीचा मॅप मूळ गाडीसाठी खरा होता. आमच्या गाडीचा खरा मॅप कुणाकडेच नव्हता.

आमची फजिती

आकडे भरायचे कसे? एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवतात. जळून उरलेल्या वायूत ऑक्सिजन किती आहे त्यावरून तो मिश्रण सांगतो. पाहिजे 13 आणि मीटर दाखवतो 16, तर त्या चौकटीतला आकडा त्याच प्रमाणात वाढवा. ऐकायला सोपं. करायलाही सोपंच वाटलं.

स्पर्धेआधी तीन आठवडे आम्ही रात्री जेवणानंतर वर्कशॉपमध्ये बसायचो. एक जण थ्रॉटलवर, एक लॅपटॉपवर, एक नुसता चहा आणायला. कमी आरपीएमला मीटर सारखा लीन दाखवत होता. आम्ही आकडे वाढवत गेलो. 50 चे 60 केले, 60 चे 75, काही चौकटींत 95 पर्यंत गेलो. मीटर थोडा सुधारला की टाळ्या! एक्झॉस्टमधून काळा धूर येत होता, डोळे चुरचुरत होते. पण आम्ही म्हणालो, मीटर सांगतोय ना, मग ठीक आहे.

चौथ्या दिवशी गाडी सुरूच होईना. सकाळी वर्कशॉपचे मामा आले. त्यांनी लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही. "आधी प्लग काढ," एवढंच म्हणाले. प्लग काजळीने काळा कुळकुळीत आणि ओला. मग त्यांनी ऑइलची डिपस्टिक काढून नाकाला लावली आणि आमच्यापुढे धरली. ऑइलला पेट्रोलचा भपकारा येत होता.

"मामा, पण मीटर तर लीन दाखवतोय!"

"मग मीटर काय बघतोय ते बघ की."

ब्लोअरने सायलेन्सरच्या तोंडातून हवा आत सोडली आणि जोडांवर साबणाचं पाणी टाकलं. सिलिंडर हेडला पाइप जिथे बसतो त्या फ्लँजला बुडबुडेच बुडबुडे. गॅस्केट नीट बसलेलं नव्हतं, आणि ते आम्हीच बसवलं होतं.

झालं होतं असं. एक्झॉस्टमध्ये दाब सलग नसतो. एक धक्का गेला की मागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला भरपूर ऑक्सिजन दिसतो. कमी आरपीएमला मुळात वायू थोडे, त्यामुळे ही भेसळ जास्त जाणवते. बिचारा सेन्सर खोटं बोलत नव्हता. त्याला ऑक्सिजन दिसत होता, तो त्याने सांगितला. 'लीन' हा अर्थ आमचा.

पुढे आणखी गंमत. पेट्रोल फारच जास्त झालं की ठिणगी पडूनही मिश्रण पेटत नाही. मग न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो, आणि सेन्सर पुन्हा लीनच दाखवतो! आम्ही जितकं पेट्रोल वाढवू तितका मीटर अजून मागणार. जास्तीच्या पेट्रोलने सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेलं, पिस्टन आणि बोअरवर उभे चरे पडले. वर्गणी काढून घेतलेलं इंजिन. नवा पिस्टन, रिंगा, बोअरचं काम आणि चाचणीचे नऊ दिवस पाण्यात. आम्ही कोइम्बतूरच्या ट्रॅकवर पोचलो, पण सराव न करताच.

मला सगळ्यात जास्त लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. चूक स्क्रीनवर समोर दिसत होती. आमच्या तक्त्यात आयडलिंगजवळ व्हीई 95 आणि फुल थ्रॉटलला 80. जवळजवळ बंद थ्रॉटलवर इंजिन फुल थ्रॉटलपेक्षा चांगला श्वास घेतं, असं आम्ही लिहून ठेवलं होतं! व्हायवाला असं उत्तर दिलं असतं तर सरांनी बाहेर काढलं असतं. व्हीई हा मनाला येईल तसा फिरवायचा आकडा नाही, तो इंजिनाचा गुणधर्म आहे. तक्ता टेकडीसारखा सलग चढत-उतरत जायला हवा. मध्येच सुळका आला की आधी मोजमापावर संशय घ्यायचा, पेट्रोलला हात नंतर.

ज्युनिअर्ससाठी

नवीन टीमला आम्ही ही यादी वर्कशॉपच्या भिंतीवर चिकटवून दिली आहे.

1. मॅपला हात लावण्याआधी एक्झॉस्टचे आणि इनटेकचे सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासा.
2. इंजेक्टर मिनिटाला किती सोडतो ते मोजपात्रात स्वतः मोजा. कागदावरच्या आकड्यावर विसंबू नका.
3. उघडण्याच्या वेळेचा व्होल्टेजनुसार तक्ता आधी भरा, व्हीई नंतर.
4. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. आधीची फाइल पुसू नका.
5. दर अर्ध्या तासाने प्लग बघा, ऑइलचा वास घ्या. मीटर आणि प्लग यांचं पटत नसेल तर थांबा.
6. फुल थ्रॉटलची सुरुवात रिचकडून करा. रिचमध्ये ताकद जाते, पण लोड असताना लीन राहिलं तर पिस्टनच वितळू शकतो.

आणि एक विनंती पार्किंगमधल्या मंडळींना. रस्त्यावरच्या गाडीत रिमॅप करून देतो म्हणणारे भेटतात. बीएस-6 गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर 14.7 च्या अगदी आसपासच नीट काम करतो. रिच मॅप टाकला तर न जळलेलं पेट्रोल त्याच्यात जाऊन तो जळू शकतो. वॉरंटी जाते ती वेगळी, आणि कंपनीने ठरवलेल्या रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. प्रयोग करायची खाज असेल तर वर्कशॉपला या, तिथे बेंच आहे, फायर एक्स्टिंग्विशर आहे आणि जुनं इंजिनही आहे.

ते चरे पडलेलं पिस्टन आम्ही टाकून दिलेलं नाही. मामांनी ते टूल रूमच्या खिडकीत ठेवलंय. टीममध्ये नवीन मुलगा किंवा मुलगी आली की मामा ते हातात देतात आणि विचारतात, "सांग, यात मीटरची चूक किती आणि तुझ्या सीनिअरची किती?"

उत्तर आता तुम्हाला माहीत आहे. आमचं नाव घ्यायला हरकत नाही.