हुतात्मा चौक ते प्रीतिसंगम

मुंबईच्या हुतात्मा चौकात मशाल उंचावलेल्या शेतकरी-कामगारांच्या शिल्पापुढे उभे राहिले, की मोरारजी देसाई हे नाव आजही सहज उच्चारवत नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच फ्लोरा फाउंटन परिसरात मोर्चावर गोळीबार झाला, तेव्हा ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा गोळ्या सुटल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे गेली. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’ दैनिकातून मोरारजींवर आग ओकली. मराठी घरांत त्या नावाचा अर्थ एकच उरला: गोळीबार.

त्या काळी रोष यशवंतराव चव्हाणांच्याही वाट्याला आला. महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंना निवडू, ही त्यांची भूमिका लोकांच्या जिव्हारी लागली. १ नोव्हेंबर १९५६ ला ते द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने संयुक्त महाराष्ट्र समितीला भरभरून मते दिली, आणि नेहरू प्रतापगडावर आले तेव्हा समितीने काळी निशाणे दाखवली.

तीन वर्षांत चित्र पालटले. १ मे १९६० ला राज्याचा मंगलकलश आणला तो यशवंतरावांनीच. जिल्हा परिषदा, आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांना फी माफी, सहकारी कारखानदारीला बळ, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ, या कामांनी जुना राग हळूहळू निवला. १९६२ मध्ये ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असे अभिमानाने म्हटले गेले. हा मान त्यांनी कामाने मिळवला, हे नि:संशय.

मग जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि पारडी फिरली. ज्यांच्या नावाने महाराष्ट्राने बोटे मोडली, ते मोरारजी स्थानबद्ध झाले. ज्यांना डोक्यावर घेतले, ते यशवंतराव इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री म्हणून राहिले. १९७७ च्या प्रचारात पु. ल. देशपांडे जनता पक्षासाठी सभांतून बोलले. २४ मार्चला ८१ वर्षांचे मोरारजी पंतप्रधान झाले. मधू दंडवते आणि मोहन धारिया त्यांच्या मंत्रिमंडळात बसले. समितीचे सरचिटणीस राहिलेले एस. एम. जोशी महाराष्ट्रात जनता पक्षाचे अध्यक्ष झाले.

मला या साऱ्या कथेत एसेम सर्वांत मोठे वाटतात. १९५६ चा त्यांचा लढा खरा होता आणि १९७७ चाही. दुसऱ्या लढ्यासाठी पहिला खोटा ठरवण्याची गरज त्यांना पडली नाही.

एरवी आपण नेमके हेच विसरतो. नेत्याची कीर्ती बदलते तेव्हा त्याची जुनी कृत्ये बदललेली नसतात. बदललेले असते ते आपले दुखणे. भाषिक राज्यासाठी झगडणाऱ्या समाजाने मोरारजींत हट्टी सत्ताधारी पाहिला. तुरुंगाच्या दारात उभ्या राहिलेल्या समाजाला तोच हट्ट बाणेदारपणा वाटला. माणूस तोच होता, स्वभावही तोच.

जनता सरकार २८ महिन्यांत कोसळले. पण १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ या सैल कारणावरून आणीबाणी लादण्याची वाट बंद केली आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही अबाधित ठेवला. १९९१ मध्ये मोरारजींना भारतरत्न मिळाले. या श्रेयाने फ्लोरा फाउंटनचे रक्त पुसले जात नाही. तसेच, १९७५ च्या मौनाने यशवंतरावांनी उभारलेल्या जिल्हा परिषदा मोडून पडत नाहीत.

स्मृती मात्र सवयीने एकच पान उघडते. १ मे रोजी हुतात्मा चौकात आणि २५ नोव्हेंबरला, यशवंतरावांच्या पुण्यतिथीला, कराडच्या प्रीतिसंगमावर आपण फुले वाहतो. ती वाहायलाच हवीत. पण सोबतच्या मुलांना १९५६ सांगताना १९७७ ही सांगावे, मंगलकलशाबरोबर आणीबाणीचीही गोष्ट सांगावी. गोळीबाराचा आदेश देणारे सरकार आणि लोकशाहीची कुलपे उघडणारे सरकार एकाच माणसाच्या हाताखाली असू शकते, हे ज्या मुलाला लहानपणी कळले, ते उद्या कोणत्याही नेत्याला देव करणार नाही आणि राक्षसही. मतपेटीपुढे त्याचा हात विचार करून उठेल.