शुगरची गोळी आणि उलटणारा कॅन्सर

मेटफॉर्मिन ही पुण्याजवळच्या चाकणच्या बाजारपेठेत कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारी शुगरची स्वस्त गोळी. स्तनाचा कॅन्सर उलटू नये म्हणून ती उपयोगी पडेल का, या प्रश्नात संशोधकांची सुमारे वीस वर्षे गेली.

सुरुवात गोळीपासून नव्हे, इन्सुलिनपासून झाली. 2002 मध्ये टोरांटोच्या पामेला गुडविन यांनी मधुमेह नसलेल्या 512 रुग्ण स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. उपाशीपोटी इन्सुलिन सर्वाधिक असलेल्या गटात कॅन्सर दूरच्या अवयवांत उलटण्याचा धोका सर्वांत कमी इन्सुलिनच्या गटापेक्षा दुप्पट निघाला. इन्सुलिन पेशींना वाढीचा इशारा देते आणि गाठीतल्या पेशीही तो ऐकतात. पुणे परिसरात हा मुद्दा विशेष लागू पडतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या 6 खेड्यांतली नवजात बाळे तपासली. ती इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण त्वचेखालची चरबी टिकवून असलेली होती. चरबीबरोबर इन्सुलिनही वाढू शकते; काटक दिसणाऱ्या बाईचे इन्सुलिन कमीच असेल, असे म्हणूनच धरता येत नाही.

मेटफॉर्मिन इन्सुलिनची पातळी खाली आणते, म्हणून लक्ष या गोळीकडे वळले. 2005 मध्ये स्कॉटलंडच्या नोंदींत मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींना कॅन्सर कमी झालेला दिसला. 2009 मध्ये ह्यूस्टनहून आणखी आशा आली: शस्त्रक्रियेआधीच्या केमोने गाठ पूर्ण विरघळण्याचे प्रमाण मेटफॉर्मिनवरच्या मधुमेहींत 24 टक्के, इतर मधुमेहींत 8. मात्र जुन्या नोंदी फसवतात. गोळी दीर्घकाळ घेण्यासाठी माणूस तितका काळ जगलेला असावा लागतो. मग ते जगणे गोळीच्या खात्यावर जमा होते. 2012 मध्ये सामी सुइसा आणि लॉरां अझूले यांनी नेमकी हीच चूक दाखवली. त्याच वर्षी 12,537 जणांच्या चाचणीत टोचून घ्यायच्या ग्लार्जिन इन्सुलिनमुळे कॅन्सर होतो, हा 2009 पासूनचा संशयही फिटला.

मेटफॉर्मिनच्या निर्णायक चाचणीत 2010 ते 2013 दरम्यान स्तनाच्या कॅन्सरचे, मधुमेह नसलेले 3,649 रुग्ण घेतले. निम्म्यांना 850 मिलिग्रॅम मेटफॉर्मिन दिवसातून दोनदा, पाच वर्षे. उरलेल्यांना औषध नसलेली गोळी. 2022 मध्ये निकाल लागला: हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या कॅन्सरमध्ये फरक नाही. गाठीत हर-टू हे प्रथिन जास्त असलेल्या (हर-टू पॉझिटिव्ह) गटात लाभ दिसला, पण ती दुय्यम पाहणी होती.

मधुमेही रुग्णासाठी मेटफॉर्मिन साखरेचे औषध म्हणून कायम आहे. केमोबरोबर दिलेल्या स्टेरॉइडने साखर चढते, तेव्हा इन्सुलिनही लागू शकते; उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले किंवा मूत्रपिंड मंदावले, तर डॉक्टर मेटफॉर्मिन काही काळ थांबवतात.